जिन्याखालच्या खोलीची किल्ली

आमच्या वसाहतीत साठ घरे आहेत आणि साठही घरांचे पर्यावरणावर प्रेम आहे. हे प्रेम कोणत्या दिवशी जडले तेही सांगता येते, कारण त्या दिवसाचे पत्र सूचनाफलकावर अजून टाचलेले आहे. नगरपालिकेने कळवले होते की, येत्या महिन्यापासून पन्नासहून अधिक घरांच्या वसाहतींचा ओला कचरा उचलला जाणार नाही. स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्याचे खत ज्याने त्याने आपल्या आवारातच करावे. पत्र सोमवारी आले. गुरुवारच्या सभेत अध्यक्षांनी पृथ्वी आपली आई असल्याचे जाहीर केले. तीन दिवसांत एवढा साक्षात्कार होणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

पण ही हकीकत त्या प्रेमाची नाही. ती मावशींची आहे, आणि एका खोलीची.

मावशी गेली अकरा वर्षे आमचा कचरा नेतात. ‘मावशी’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्याने नाते जोडता येते आणि त्या नात्यापोटी जे करावे लागते ते टाळताही येते. आमच्यापैकी कोणी सख्ख्या मावशीला पाणी विचारल्याशिवाय दारातून परत पाठवले नसते. रोज सकाळी सातला त्या रिकाम्या हाताने पाचव्या मजल्यावर जातात आणि मजल्यामागे बारा दारे वाजवीत, भरत भरत खाली येतात. “ओझं नेहमी उताराच्या बाजूला ठेवावं,” असे त्यांचे म्हणणे. समाजरचनेविषयी मी जे काही वाचले आहे त्यात याहून नेमके वाक्य फारसे आढळले नाही.

बादली उचलली की मावशींना घर कळते. कोणाकडे पाहुणे येऊन गेले, कोण रागाने जेवले नाही, कोणाला डॉक्टरांनी गोड बंद केले आहे आणि तरी कोण ते चोरून खाते, हे त्या वजनावरून आणि वासावरून सांगू शकतात; सांगत मात्र नाहीत. अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून एका घराची गोष्ट दुसऱ्या घरी गेली नाही. या गुणाला सुशिक्षितांत सचोटी म्हणतात. मावशींच्या बाबतीत आम्ही त्याला ‘त्या फारशा बोलत नाहीत’ असे म्हणत आलो.

मुख्य जिन्याच्या पोटात एक खोली आहे. सहा फूट लांब, चार फूट रुंद. छत म्हणजे जिन्याचीच उलटी बाजू. दारात माणूस ताठ उभा राहू शकतो, आतल्या टोकाला पोचेपर्यंत त्याला गुडघ्यात कपाळ घालावे लागते. एक नळ, त्याच्या तोंडाला बांधलेली चिंधी. भिंतीत दोन खिळे: एक कामाच्या कपड्यांचा, एक घरी जायच्या. फळांची एक लाकडी पेटी, बसण्यासाठी पालथी घातलेली. आणि दाराला आतून कडी.

या कडीकडे लक्ष ठेवावे, कारण पुढचे सारे तिच्यापायी घडले आहे. मावशींचे राहते घर एका खोलीचे. नवरा रात्री एका गोदामावर राखण करतो आणि दिवसा झोपतो, म्हणून दिवसा त्या घरात आवाज करायचा नाही. मुलगा आणि सून दिवसभर कामावर असतात आणि रात्री घरी येतात, म्हणून रात्री त्या घरात वावरायचे नाही. मोरीला पडदा आहे, दार नाही. साठीला टेकलेल्या या बाईच्या चोवीस तासांत आतून लावता येईल अशी कडी एकच होती आणि ती आमच्या जिन्याखाली होती. साडेअकराला काम आटपले की त्या ती लावीत, अंग धुवीत, कपडे बदलीत, पेटीवर बसून डबा खात आणि उरलेला वेळ नुसत्या बसून राहत. साडेबाराला उठून घरी जात.

एकदा सुनेने विचारले होते, “आई, तिथे तासभर करता तरी काय?”

“काही नाही.”

“काही नाही करायला एवढ्या लांब?”

“मग इथे काही नाही करायला जागा आहे का?”

सुनेने चारी भिंतींकडे पाहिले आणि विषय सोडला.

आता सभेकडे येतो. आमचे अध्यक्ष सरकारी सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेले. ज्या गोष्टीचा तक्ता होत नाही ती घडलेलीच नसते, असे त्यांचे मत आहे आणि संसारही त्यांनी याच मताने केला आहे. सचिव दंतवैद्य. त्यांनी उभी हयात जंतूंशी लढण्यात घालवली, आणि प्रत्येक योद्ध्याप्रमाणे त्यांनाही शत्रू नसलेली जागा कल्पनेतसुद्धा दिसत नाही. खताचा कार्यक्रम या दोघांच्या हाती सोपवण्यात आला. पहिला ठराव खताविषयी नव्हता. तो कार्यालयाविषयी होता.

“ज्याला कार्यालय नाही त्याला कार्यक्रम म्हणत नाहीत,” अध्यक्ष म्हणाले. “गडबड म्हणतात.”

जागा शोधायला वेळ लागला नाही. जिन्याखालची खोली ‘विनावापर’ असल्याचे सचिवांनी निदर्शनास आणले. ठराव एकमताने मंजूर झाला. वर गेलेल्या हातांत माझाही एक होता. तो वर जाताना मला कसलीही अडचण जाणवली नाही, आणि त्याच कारणाने ही नोंद मी येथे करीत आहे. मावशी सभेला नव्हत्या. त्या सभासद नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष त्यांना जिन्यापाशी भेटले.

“मावशी, आनंदाची बातमी आहे. आजपासून तुम्ही सफाई कामगार नाही. हरित समन्वयक!”

“म्हणजे काय करायचं?”

“तेच. पण भान ठेवून.”

“बरं. माझी पेटी कुठे गेली?”

“कुठली पेटी?”

“खोलीतली. बसायची.”

“अहो, ते आता कार्यालय झालं. कार्यालयात पेट्या नसतात.”

“मग मी बसू कुठे?”

अध्यक्षांनी आवाज मऊ केला. “समन्वयक बसत नसतो, मावशी. समन्वय करत असतो.”

मावशींनी खोलीच्या दाराकडे पाहिले. मग विचारले, “आणि हे खत नीट झालं तर? खोली मोकळी होईल ना?”

“कार्यक्रम यशस्वी झाला तर पाहू.”

‘पाहू’ या शब्दाला आमच्या वर्गात नकार समजतात. मावशींना ते ठाऊक नसावे, किंवा ठाऊक असूनही दुसरे काही हाती नसल्यामुळे त्यांनी त्याला वचन मानले असावे.

खोलीत टेबल आले, खुर्ची आली. उतरत्या छतामुळे खुर्ची टेबलापासून मागे सरकत नव्हती, त्यामुळे तीत कोणालाही बसता येत नव्हते. पण कार्यालयात खुर्ची लागते. वजनकाटा आला, तापमापक आला, हसऱ्या गाजराचे चित्र आले. बाहेरून कुलूप आले आणि किल्ली पाचव्या मजल्यावर अध्यक्षांकडे गेली. मावशी आवारातल्या नळावर हातपाय धुऊ लागल्या, पंपघराच्या पायरीवर डबा खाऊ लागल्या आणि कामाच्याच कपड्यांत बसने घरी जाऊ लागल्या. बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा रिकामी राही. “आता ऐसपैस बसायला मिळतं,” त्या सुनेला म्हणाल्या. सून हसली नाही.

उद्घाटन थाटात झाले. पंपघराजवळच्या मोकळ्या जागेत दोन निळी पिंपे ठेवली होती, बाजूंना भोके पाडलेली. फीत होती, कात्री होती, छायाचित्रकार होता. एकच उणीव निघाली, कचरा नव्हता. म्हणजे साठही घरांत होता, पण आपल्या ओट्यावरचा कचरा छायाचित्रात यावा असे एकाही घराला वाटेना. शेवटी अध्यक्षांच्या पत्नींनी बाजारातून दोन किलो ताजी गाजरे, एक कोबी आणि टोमॅटो आणवले, स्वच्छ धुतले, सुबक चिरले आणि कचरा म्हणून परातीत मांडले.

मावशींनी परातीत डोकावून पाहिले. “ताई, हा कचरा नाही. ही भाजी आहे.”

“माहीत आहे हो. आज उद्घाटन आहे.”

“मग उद्या खाणार काय?”

“मावशी, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय.”

अशा रीतीने अन्नाची नासाडी थांबवण्याच्या कार्यक्रमाचा आरंभ झाला.

पुढे जे झाले ते आमच्यासारख्या लोकांच्याच हातून होऊ शकते. नियमानुसार प्रत्येक घराला बिनझाकणाची हिरवी बादली मिळाली होती, आत चुकीचे काही पडले तर दिसावे म्हणून. चुकीचे काही दिसले नाही. बरोबर तेच दिसू लागले, आणि घरोघरी लाज उत्पन्न झाली. टाकलेला भात सालींखाली दडपला जाऊ लागला. बुरशी आलेला पाव काही गृहस्थ पिशवीत घालून आपल्या कचेरीत नेऊन टाकू लागले. आणि तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी सुरुवात केली, ती साथीसारखी पसरली: लोक कचरा धुऊ लागले. केळ्याच्या साली धुतलेल्या, अंड्याची टरफले धुतलेली, चहाचा चोथा फडक्यातून पिळलेला.

“एवढा लाजरा कचरा जन्मात पाहिला नाही,” मावशी म्हणाल्या. “हा कुजणार कसा? चारचौघांत बसल्यासारखा बसतो.”

तरीही तो कुजला असता. निसर्ग आमच्यापेक्षा सहनशील आहे. पण चौथ्या दिवशी दंतवैद्यांनी पिंपाचे झाकण उघडले, आत वाकून पाहिले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. घरी जाऊन ते फिनाईलचा डबा घेऊन आले आणि दोन्ही पिंपांत भरभरून ओतले. मावशी धावत आल्या.

“डॉक्टर, अहो काय करताय?”

“जंतू आहेत यात! कोट्यवधी!”

“असायलाच हवेत की. कामाला तेच आहेत.”

“मावशी, तुम्हाला यातलं शास्त्र कळत नाही. असे जंतू तोंडात झाले तर आठवड्यात दात पडतील.”

“तोंड वेगळं, उकिरडा वेगळा, डॉक्टर. तोंडात कुजू नये म्हणून तुम्ही आहात. इथे कुजावं म्हणून तर आपण एवढी मंडळी जमलोय.”

दंतवैद्यांनी स्मित केले. अशिक्षितांच्या अज्ञानावर रागावू नये, हे ते जाणत होते. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पिंपांची फवारणी सुरू झाली.

वस्तुस्थिती अशी होती की, साऱ्या वसाहतीत कुजण्याचे शास्त्र कळणारी व्यक्ती एकच होती. आमच्याकडे येण्याआधी मावशींनी चौदा वर्षे घाऊक भाजीबाजारात निवड करण्याचे काम केले होते. तिथे त्यांना ‘नाकवाली’ म्हणत. वीस पाट्या मांडल्या तर उद्या कोणती बिघडणार आणि परवा कोणती, हे त्या नुसत्या पुढून चालत जाऊन सांगत. व्यापारी त्यांचे नाक पाहून भाव ठरवीत. बाजारामागे टाकाऊ पाल्याचा डोंगर असे. थंडीच्या सकाळी त्यातून वाफा निघत आणि निवड करणाऱ्या बायका त्यात हात खुपसून शेकून घेत. रास कशाने तापते, कशाने आंबते, केव्हा उलटावी, हे मावशींच्या बोटांना माहीत होते. पण हे ज्ञान त्यांनी कोणत्याही संस्थेत घेतलेले नसल्याने ते ज्ञान नव्हते.

इकडे अध्यक्ष रोज सकाळी तापमापक घेऊन पिंपांचे तापमान नोंदवीत. आतले तापमान बाहेरच्या हवेएवढेच भरे, रोज. खत होत असलेली रास हाताला चटका देते. आमची रास थंडगार होती. अध्यक्षांनी त्याचा आलेख काढला, तो आडवा सरळ आला, आणि पंधरवड्याच्या अहवालात त्यांनी समाधानाने लिहिले: ‘तापमान पूर्ण नियंत्रणात आहे.’

वास मात्र नियंत्रणात नव्हता. पिंपांत राखाडी लगदा साचला होता आणि त्याला फिनाईल व आंबलेल्या कोबीचा मिळून असा दर्प येत होता की, पहिल्या मजल्याने खिडक्या बंद करून घेतल्या. सूचनाफलकावर कागद लागला: ‘समन्वयकांच्या निष्काळजीपणामुळे होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगिरी.’ दिलगिरी कोणाची ते लिहिले नव्हते. त्याच्याच खाली दुसरा कागद होता: एका महिन्याने नगरपालिकेचे अधिकारी पाहणीस येणार.

मावशींनी दोन्ही कागद मुलाच्या मुलीकडून वाचून घेतले होते, फलकाचा फोटो काढून नेऊन. पोर म्हणाली, “आजी, यात तुला ओरडलेत.”

“ते जाऊ दे. महिना म्हणजे दिवस किती?”

“तीस.”

“जमेल,” मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यावरच्या सुताराच्या दुकानासमोर रिकामे पोते घेऊन उभ्या राहिल्या.

“काय वहिनी, पोतं कशाला?”

“भुसा हवाय.”

“भुसा? करणार काय?”

“खाणार. दे आधी.”

“फुकट नाही हं.”

“खत झालं की दोन मुठी तुझ्या त्या कुंडीत घालीन. झाड तुझ्यासारखंच वाळलंय.”

सुताराने दोन पोती भरून दिली आणि वर विचारले, “एकटीच करणार हे? समिती आहे म्हणे तुमच्याकडे.”

“आहे ना. ती पिंपांकडे बघते.”

पंपघराच्या मागे, कुंपणाची भिंत आणि पंपघर यांच्यामध्ये, एक बोळ आहे. तिथे कोणी जात नाही. पडलेल्या भिंतीच्या विटा मावशींनी तीन बाजूंनी फटी ठेवून रचल्या. तळाला काटक्या, वर सुका पाला. मग ओल्याचा थर, त्यावर भुशाचा. दुधाला विरजण लागते तसे कचऱ्यालाही लागते, म्हणून त्या एका रविवारी जुन्या बाजारात गेल्या आणि त्या डोंगराच्या तळची काळी माती जेवणाच्या डब्यात भरून बसने घेऊन आल्या. बसमध्ये शेजारची जागा नेहमीप्रमाणे रिकामी होती. डबा त्यांनी तिच्यावर ठेवला.

दहा बादल्यांतल्या आठ त्या बोळात नेत आणि दोन पिंपात ओतत. दोन ओतणे आवश्यक होते, नाहीतर दंतवैद्यांनी फवारायचे कशावर? त्यांचे युद्ध अखंड चालू राहिले आणि त्याच्या आडोशाला शत्रू सुखाने वाढत गेला. रोज सकाळी मावशी बाही सारून राशीत कोपरापर्यंत हात घालीत, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. तिसऱ्या दिवशी हात झटकन बाहेर काढावा लागला. मग त्या पंपघराच्या पायरीवर डबा खायला बसल्या आणि जिन्याखालच्या कुलपाकडे पाहत राहिल्या.

पाहणीचा दिवस थंडीचा होता. अधिकारी बाई सकाळी साडेसातला आल्या. अंगात जाड स्वेटर, पायात मळके बूट, हातात स्वतःचे खुरपे. अध्यक्षांनी आलेखांची फाईल पुढे केली. त्यांनी ती काखेत मारली आणि थेट पिंपाचे झाकण उघडले. दोन पावले मागे सरल्या.

“इथे ऑपरेशन वगैरे करता का?”

“धन्यवाद,” दंतवैद्य म्हणाले.

अधिकारी बाईंनी खुरप्याने लगदा हलवला, झाकण लावले आणि खिशातून वही काढली. त्या काय लिहिणार हे अध्यक्षांच्या चेहऱ्यावर आधीच उमटले होते. इतक्यात बाईंची नजर पंपघराच्या वर गेली. मागून वाफ येत होती, पातळ, पांढरी, सरळ.

“तिथे काय जळतंय?”

कोणालाच ठाऊक नव्हते. सगळे बोळात गेले. मावशींनी नुकतीच रास उलटली होती. खालचे काळे, भुसभुशीत वर आले होते आणि त्यातून वाफा निघत होत्या. अधिकारी बाई उकिडव्या बसल्या, मूठभर उचलून नाकाशी नेले, मग राशीत हात घातला आणि पटकन काढला.

“वा! हे कोणाचं?”

“आमचंच,” अध्यक्ष म्हणाले. सांख्यिकी खात्यातली तीस वर्षे त्यांच्या कामी आली. “तुलनात्मक प्रयोग. पिंपं हा एक गट, हा दुसरा.”

“अस्सं. किती दिवसांनी उलटता?”

अध्यक्षांनी दंतवैद्यांकडे पाहिले. दंतवैद्य फाईल शोधू लागले, पण ती बाईंच्याच काखेत होती. मागे फावडे घेऊन उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, “ताप उतरला की.”

“म्हणजे कितव्या दिवशी?”

“दिवस नाही हो धरत. रोज हात घालायचा. पोळतंय तोवर छेडायचं नाही. कोमट लागलं की उलटायचं. आणि आंबूस वास आला तर भुसा वाढवायचा.”

“बरोबर,” बाई म्हणाल्या. त्या मावशींकडे वळल्या. “हे कुठे शिकलात?”

“आम्ही प्रशिक्षण दिलं,” अध्यक्ष म्हणाले.

मावशींनी तोंड उघडले होते, ते मिटले. अधिकारी बाईंनी अध्यक्षांकडे, मग दंतवैद्यांच्या हातातल्या फवाऱ्याकडे आणि मग मावशींच्या कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हाताकडे पाहिले. त्यांना सारे कळले असावे. पण नगरपालिकेच्या अर्जात ‘वसाहतीचे नाव’ असा रकाना असतो, हात कोणाचा असा नसतो.

दोन आठवड्यांनी प्रमाणपत्र आले. ‘सर्व सभासदांच्या अथक परिश्रमांबद्दल.’ सभा झाली, टाळ्या झाल्या. मावशींना या खेपेस मुद्दाम बोलावले होते. दंतवैद्यांनी त्यांना आपल्या दवाखान्यातले रबरी हातमोजे भेट दिले. ते मनगटाशी येऊन अडकले. अध्यक्षांनी दोन शब्द बोलण्याचा आग्रह केला.

“एकच बोलायचंय,” मावशी म्हणाल्या. “खत झालं. आता खोली द्या.”

सभेत शांतता पसरली. अविचारी माणसाने एखादा खरा प्रश्न विचारला की पसरते तशी.

“मावशी,” अध्यक्ष म्हणाले, “तुम्ही समजून घ्या. कार्यक्रम फसला असता तर कार्यालय बंद करता आलं असतं. आता यशस्वी झालाय. यशस्वी कार्यक्रमाचं कार्यालय कसं बंद करणार?”

“पण तुम्ही पाहू म्हणाला होतात.”

“पाहिलं ना. पाहूनच सांगतोय.”

लोक हसले. कोणीतरी पुन्हा टाळ्याही वाजवल्या. मावशी हातमोजे काढीत बाहेर गेल्या. त्या दिवशी त्यांनी पायरीवर डबा उघडला नाही. तसाच घेऊन बसमध्ये बसल्या.

दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र चौकटीत घालून कार्यालयात लावायचे होते. अध्यक्ष स्वतः हातोडी घेऊन खाली आले. त्यांना उभे राहायला काही हवे होते, म्हणून मावशींनी कुठूनशी आपली जुनी पेटी आणून पालथी घातली आणि ती धरून उभ्या राहिल्या. कपड्यांच्या खिळ्यावर चौकट चढली.

“सरळ आहे ना?”

“सरळ आहे. छान दिसतंय,” मावशी म्हणाल्या. मग काचेकडे पाहत, “फक्त धूळ बसेल.”

“कसली धूळ?”

“जिन्याचीच. वर माणूस चढला की खाली झरते. अकरा वर्षं बघतेय. आता साठ घरं, दिवसाला किती पावलं पडत असतील, ते तुम्हीच मोजा. मला हिशोब येत नाही.”

अध्यक्षांनी खरोखरच मोजले. त्यांची ही कमकुवत बाजू मावशींना केव्हापासून ठाऊक होती कोण जाणे. दोन दिवस ते जिन्यापाशी वही घेऊन उभे होते. माणसे, चढ-उतार, पायऱ्या यांचा गुणाकार झाला आणि जो आकडा निघाला त्याने ते हादरले. अधिकारी बाई केव्हाही, न सांगता, पुन्हा येऊ शकत होत्या. प्रमाणपत्रावर धूळ सापडली तर? तातडीची बैठक भरली. ठराव असा: ‘प्रमाणपत्राच्या दैनंदिन देखभालीसाठी हरित समन्वयकांनी रोज साडेअकरा ते साडेबारा कार्यालयात उपस्थित राहावे. त्यासाठी किल्ली त्यांच्या स्वाधीन करण्यात येत आहे.’ एक तासापेक्षा कमी वेळात हे काम नीट होणार नाही, असे अध्यक्षांनी आकडेवारीने सिद्ध केले. चौकटीपर्यंत हात पोचावा म्हणून पेटीलाही विशेष बाब म्हणून मंजुरी मिळाली.

आम्ही मावशींना खोली दिली नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. माणसाला एक तास आणि एक कडी द्यावी असे कलम आमच्या नियमावलीत नाही. एका कागदाला नोकर देण्याचे होते, ते आम्ही वापरले. मावशी गप्प राहिल्या, आणि आम्ही त्याला समजूतदारपणा म्हटले.

पहिल्याच दिवशी त्यांनी खुर्ची टेबलावर उलटी ठेवली, नळाची चिंधी बदलली, प्रमाणपत्रावरून एकदा फडके फिरवले आणि दाराला आतून कडी लावली. चौकटीच्या कोपऱ्यावर घरी जायचे कपडे टांगले; खिळा शेवटी त्यांचाच होता. पेटीवर बसून त्यांनी डबा उघडला. वरून पावले जात-येत होती.

बाराच्या सुमारास दंतवैद्य फवारा भरायला निघाले होते. बंद दार पाहून थांबले.

“मावशी? आत आहात का?”

“आहे, डॉक्टर. धूळ पुसतेय.”

“मग कडी कशाला लावलीत?”

“दार उघडं राहिलं की बाहेरची हवा आत येते. त्यातून काय काय येतं ते तुम्हाला माहीतच आहे.”

बाहेर दोन पावले मागे सरली.

“बरोबर आहे,” दंतवैद्य म्हणाले. “अजिबात उघडू नका. कोणी काही म्हणालं तर माझं नाव सांगा.”

आणि ते समाधानाने आपल्या पिंपांकडे गेले.